पेपर काढणाऱ्याची बायको

४ ऑगस्ट, रविवार

क्लासच्या खाली टायरचं दुकान आहे. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला वाटलेली ही डायरी कपाटात कोरी पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी एक टायर छापलाय. आज लिहायला घेतली, कारण घरात एक गोष्ट घडली आणि ती ज्याला सांगावी असा माणूस आठवेना.

बायको म्हणाली, "मी बिझनेस स्कूलची प्रवेश परीक्षा देणार आहे."

मी कपडे वाळत घालत होतो. "बरं," म्हणालो. मग "कोणती?" असं विचारलं, जशा काही दहा परीक्षा असतात. लग्नाच्या आधीपासून मी त्याच परीक्षेचे सराव-पेपर काढतोय. क्लासमध्ये गणित आणि तर्क माझ्याकडे. मुलं येतात, माझे पेपर सोडवतात, मोठ्या शहरात जातात आणि माझं नाव विसरतात. माझ्याच घरातलं कुणी त्या बाकावर बसेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

ही औषधांच्या गोदामात आहे. दुकानांतून परत आलेला माल हिच्या टेबलावर येतो: मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेल्या बाटल्या. काम चोख करते, पण हल्ली घरी आली की बराच वेळ चप्पलच काढत नाही, तशीच खुर्चीत बसून राहते. स्कूल दुसऱ्या शहरात आहे. दोन वर्षं तिथेच राहून शिकायचं.

आई म्हणाली, "आता या वयात शिकून काय दिवे लावणार आहेस?"

"आई, घरातले इतकी वर्षं लावलेच की. आता बाहेर लावून बघते."

आई हसली. मीही हसलो. मला नक्की काय वाटलं ते लिहायला बसलो होतो, पण सुचत नाही. दमलोय. उद्या नव्या मुलांचा हातोडा आहे.

७ ऑगस्ट, बुधवार

हातोडा म्हणजे आमच्या क्लासचा पहिला पेपर. मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, यांची ही पद्धत. पहिला पेपर इतका अवघड काढायचा की पोरांनी तोंडात बोटं घालावीत. त्यानंतरचे हळूहळू सोपे करत न्यायचे. मुलांना वाटतं आपली प्रगती होतेय, पालकांना वाटतं क्लास चांगला आहे. "आधी पाडायचं, मग उचलायचं. पडल्याशिवाय उचलणाऱ्याची किंमत कळत नाही," असं मोठे सर म्हणतात. हातोडा मीच काढतो.

घरी आलो तर टेबलावर पुस्तकांचा ढीग. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेले तीन ठोकळे, मैत्रिणीच्या भावाने दिलेल्या नोट्स, शिवाय मोबाइलवर एक पोरगा "मित्रांनोऽ" असं ओरडून टक्केवारी शिकवत होता. आईला वाटलं तो हिला रागावतोय. "कोण आहे गं हा मेला? बंद कर त्याला," म्हणाली.

माझ्याकडे साहित्य आहे का, हे हिने विचारलंही नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. मी ताट उचललं आणि भांडी घासायला घेतली.

१८ ऑगस्ट, रविवार

एका पुस्तकात म्हणतात आधी सूत्रं पाठ करा, दुसऱ्यात म्हणतात सूत्रं विसरा. मित्रांनोवाला म्हणतो रोज एक पूर्ण पेपर, नोट्स देणारा भाऊ म्हणतो शेवटच्या महिन्यापर्यंत पेपरला हात लावू नका. हिने सगळ्यांचं थोडं थोडं केलं. आज डोकं धरून बसली होती.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणालो.

"मग तू दे ना धडकं काहीतरी. इतकी वर्षं क्लासमध्ये काय करतोस?"

एवढंच हवं होतं मला. सांगायला लाज वाटते, पण जीव सुपाएवढा झाला. क्लासमधून मी काढलेले जुने पेपर आणले. हातोडे बाजूला केले, मोठ्या सरांचे गोडमिट्ट शेवटचे पेपरही बाजूला केले. अगदी सरळ, खऱ्या परीक्षेच्या मापाचे तेवढेच ठेवले. क्लासच्या सगळ्या लबाड्या मला ठाऊक असल्यामुळे हिची फसवणूक होणार नाही, याचं समाधान वाटलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

पहिला पेपर बेताचा. दुसरा बरा. काल रात्री जेवायच्या आधी हिने तिसरा सोडवला, तो चांगला. मी चहासोबत गुण लिहून दाखवले तर म्हणाली, "तुझे पेपर बरे वाटतात रे. घरच्यासारखे."

मी पेपर आता घरीच टाइप करतो. हिच्यासाठी नवे काढतो. कंटाळा येतो, पण येतो तो बरा कंटाळा.

१ सप्टेंबर, रविवार

ही आता आमच्या क्लासमधल्या पहिल्या पाच-सहा मुलांच्या बरोबरीने गुण मिळवते. शाळा सोडून इतकी वर्षं झालेली बाई! मला राहवलं नाही. भाषा शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. बाई कुणाचं कौतुक सहज करत नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इतक्या लवकर? कुठलं पुस्तक वापरतात?"

"माझे पेपर."

"अच्छा," म्हणाल्या आणि वह्या तपासायला घेतल्या. मत्सर असेल. मोठे सर मात्र खूश. निकाल लागला की दारातल्या बोर्डवर हिचा फोटो लावू म्हणाले.

दुसरी गोष्ट. हिच्या साहेबांनी तिला नव्या गोदामाची प्रमुख करायचं ठरवलंय. पगार वाढेल, स्वतःची खोली मिळेल. अट एकच, तीन वर्षं नोकरी सोडायची नाही. पंधरा-वीस दिवसांत सांगायचं आहे. म्हणजे हे किंवा ते. गोदाम घेतलं तर स्कूल गेलं, आणि स्कूलच्या भरवशावर गोदाम सोडलं आणि परीक्षेत आपटली, तर तेलही गेलं, तूपही गेलं.

हिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी एक तक्ता करून दिला. डावीकडे गोदाम, उजवीकडे स्कूल, दोन्हींचे फायदे-तोटे. खूप विचार करून केला. हिने वाचला, घडी घातली आणि भाजी चिरायला गेली. बहुतेक प्रवासाचा मुद्दा राहिला त्यात.

१५ सप्टेंबर, रविवार

आज हिने पेपर वेळेच्या बराच आधी संपवला आणि चहा टाकला. मी कच्च्या कामाचा कागद उचलून पाहिला. जवळजवळ कोरा.

"नळ आणि टाकीचं गणित तोंडी केलंस?"

"केलं कुठे? बघितलं नुसतं."

"म्हणजे?"

हसायलाच लागली. "अरे, तुझ्या टाकीला गळती असतेच. आपल्या मोरीचा नळ दुरुस्त होईपर्यंत तुझी एकही टाकी वेळेत भरायची नाही. मग सगळ्यांत जास्त तास लागणारं उत्तर शोधायचं."

"आणि गोल टेबलाभोवती सहा जण बसवायचे होते, ते?"

"तुझ्या टेबलावर सासू-सून कधी शेजारी बसत नाहीत. कधीच नाही. दोन पर्याय तिथेच बाद. उरलेल्यांत, तू दमला असशील तर तिसरा."

"मी दमलोय हे पेपरवरून कळतं?"

"प्रश्न लांबत जातात ना. दमलास की तुला वाक्य संपवता येत नाही." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "आणि निष्कर्षाच्या प्रश्नात ज्या पर्यायात 'काही अंशी' असेल तो बरोबर. ठाम असं काही तू बरोबर ठरवतच नाहीस."

आई आतून ऐकत होती. सासू-सुनेचं ऐकून तिला इतकं हसू आलं की ठसका लागला. आम्ही तिघंही बराच वेळ हसत होतो. छान रविवार गेला. इतक्या वर्षांत माझे पेपर इतक्या मन लावून कुणी वाचले नव्हते.

१६ सप्टेंबर, सोमवार

क्लासचा जिना चढताना डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिथेच कठडा धरून उभा राहिलो. टायरच्या दुकानातला माणूस "बरं आहे ना साहेब?" म्हणून वर आला.

ही परीक्षेचा सराव करतच नव्हती. ही मला सोडवत होती. महिनाभर जे गुण मी कौतुकाने लिहून ठेवले ते हिला गणित किती येतं याचे नाहीत, नवरा किती येतो याचे आहेत. खऱ्या परीक्षेत पेपर काढणारा परका असणार. त्याच्या घरचा नळ हिला कुठून माहीत असणार?

क्लासच्या सगळ्या लबाड्या बाजूला काढल्या आणि स्वतःलाच आत ठेवलं. आणि गंमत म्हणून ते हिने मला चहा पिताना सांगितलं, आणि मी हसलो!

आज घरी जाऊन सांगायचं असं ठरवलं. मग बसमध्ये वेगळाच घोळ झाला. सांगितलं तर ही घाबरून गोदामाची जागा घेईल. जागा घेतली की तीन वर्षं इथेच. म्हणजे खरं सांगण्यात फायदा माझा. ज्या खऱ्यात आपला फायदा असतो ते बोलताना जीभ जड होते. हिला वाटेल, मी जाऊ नये म्हणून हा आता गुणच खोटे ठरवतोय. आणि तसं वाटलं तर ते चूक असेल का? हिने जावं की जाऊ नये हे मला कळत नाही, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. कळतं की.

घरी आलो तेव्हा ही आईच्या पायाला तेल लावत होती. उद्या सांगू म्हटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

ही आली तीच हसत. "साहेबांना नाही म्हणून आले," म्हणाली. "म्हटलं, एवढे गुण मिळताहेत तर घाबरायचं कशाला?"

आई म्हणाली, "धीराची आहेस बाई."

मी पाणी प्यायलो. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. आज काही लिहवत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

बाईंकडून बाहेरच्या एका क्लासचा पेपर मागून आणला. बाईंनी का म्हणून विचारलं नाही, कपाटातून काढून दिला. हिला म्हणालो, "जरा बदल म्हणून."

मी घड्याळ लावून समोर बसलो. पहिल्या काही प्रश्नांतच तिची पेन्सिल थांबली. मग पुन्हा चालू, पुन्हा थांबली. वेळ संपली तेव्हा खूपसे प्रश्न राहिले होते, आणि जे केले त्यांतलेही निम्मे चुकले. मी गुण सांगायची तिने वाट पाहिली नाही.

"हा तू नाहीस," म्हणाली.

"नाही."

पेपर उलटा करून ठेवला. माझ्यापेक्षा तिला लवकर कळलं. मला रात्र लागली होती, तिला एवढासा वेळ पुरला.

"तुला ठाऊक होतं?"

"सोमवारी लक्षात आलं."

"आणि मंगळवारी मी नाही म्हणून आले."

मी घड्याळ उचलून बाजूला ठेवलं.

"का नाही सांगितलंस?"

"दमलो होतो."

"तू कायमच दमलेला असतोस," ती म्हणाली. "हे उत्तर मला येतं. दुसरं काहीतरी सांग."

दुसरं माझ्याकडे होतं. ओठापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं, काही अंशी..." आणि तिथेच थांबलो, कारण तिने माझ्याकडे बघितलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ही काल साहेबांकडे परत गेली होती. जागा दुसऱ्याला दिली. तिच्याहून लहान आहे तो. हिचं टेबलही नव्या गोदामात हलवणार, म्हणजे आता तो हिचा साहेब.

हे तिने मला सांगितलं नाही. आईला सांगितलं, आणि आईने मला.

२९ सप्टेंबर, रविवार

काल बाईंना सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात. वाटलं होतं हसतील. त्या चष्मा पुसत ऐकत राहिल्या.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं," म्हणाल्या. "अहो, नवरा सवयीचा असावा, पेपर नसावा. बोलवा त्यांना."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही इतके खूश होता, की म्हटलं कशाला माती कालवा."

ही संध्याकाळी घरातली सगळी पुस्तकं घेऊन क्लासला आली. बाईंनी तिच्यासमोर तो ढीग ठेवला आणि एकेक पुस्तक उचलून विचारलं, "यातलं तुम्ही शेवटपर्यंत काय वाचलंत?" एकही नाही. मग एकच पुस्तक ठेवलं, सगळ्यांत पातळ. बाकीचे ठोकळे दोरीने बांधून परत पाठवले. मित्रांनोवाल्याला मोबाइलवरून कायमचा निरोप दिला. पेपर फक्त परक्यांचे, आणि दर वेळी वेगळ्या परक्याचे. चुकलेलं गणित पुस्तकातलं उत्तर न बघता दोन दिवस जवळ बाळगायचं, तिसऱ्या दिवशीही सुटलं नाही तरच बघायचं.

"आणि हे काय करणार?" हिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"हे घड्याळ लावतील," बाई म्हणाल्या. "आणि भांडी घासतील."

६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळ लावतो. भांडी घासतो.

ही गोदामातून येते, हातपाय धुते आणि चुकलेलं गणित घेऊन बसते. सुटत नाही. भात उतू गेला तरी लक्ष नसतं. मला लांबूनच दिसतं कुठे चुकतेय, तोंडात शब्द येतात, पण बाईंनी शपथ घातलीय. काल आकडेमोड करता करता पेन्सिल हातात धरूनच झोपली. गुण मुंगीच्या पावलाने वाढतात, कधी मागेही जातात.

माझ्याशी बोलते. मीठ, लाइट बिल, आईच्या गोळ्या. रागात नाही बोलत. रागात असती तर बरं झालं असतं.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी आई वाटाणे सोलत होती. मीही शेजारी बसलो.

"ती गेली की माझ्या गोळ्यांचं कोण बघणार?" आई म्हणाली.

"मी बघीन की."

"तू? तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही." पुढची शेंग घेतली. "पण जाऊ दे तिला. परवा बघितलं मी, एक गणित सुटलं तर एकटीच टाळी वाजवली तिने."

"हो?"

"तू तिला काय सांगितलंस? जा म्हणून, की नको म्हणून?"

"मी तक्ता करून दिला होता ना."

आईने वाटाण्याची शेंग खाली ठेवली. "तुझे वडीलही असेच. जेवण कसं झालंय विचारलं की 'बरंय' म्हणायचे. मेथी आवडायची की नाही, तो माणूस गेला तरी मला कळलं नाही."

बाबांना मेथी आवडायची. मला ठाऊक होतं. त्यांनी आईला का सांगितलं नसेल, कोण जाणे.

१० नोव्हेंबर, रविवार

आजच्या पेपरात हिला बरे गुण पडले. फार नाहीत, पण स्वतःचे आहेत. बाई म्हणाल्या, "आता परीक्षेला बसण्याइतकं झालंय." बाईंच्या तोंडून हे म्हणजे डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं.

क्लासमध्ये मी आता तिसरा पर्याय मोजून टाळतो. नळाची गणितं बंद केलीत. पेपर एकदम परके वाटतात, कुणीतरी दुसऱ्यानेच काढल्यासारखे. मुलांना काही फरक पडलेला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा झाली. केंद्राबाहेर पालकांची गर्दी होती. त्यांत नवरा मी एकटाच असेन. एका बाईने विचारलं, "तुमचा मुलगा का मुलगी?" मी "बायको" म्हणालो तर तिने मला आपल्या पिशवीतली दोन बिस्किटं दिली. का दिली, देव जाणे.

ही बाहेर आली. केस विस्कटलेले, बोटाला शाई.

"कसा गेला?"

"माहीत नाही."

आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं, आठवत नाही. पेपर कसा गेला हे माहीत नसलेल्या माणसाने इतकं खूश का व्हावं? बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपली. मला वाटलं परीक्षा संपल्याचं सुख असेल.

५ जानेवारी, रविवार

निकाल लागला. डोळे दिपावेत असा नाही, पण त्या स्कूलकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत झाली की मग खरा निकाल.

आईने शेजारी-पाजारी सांगून टाकलं. मोठे सर फोटो मागत होते. ही म्हणाली, "लावा की. पण खाली लिहा, यांनी आमचे पेपर सोडवणं बंद केलं आणि मग पास झाल्या." मोठ्या सरांनी विषय बदलला.

मी अभिनंदन म्हटलं. ती "थँक्यू" म्हणाली. हॉटेलात शेजारशेजारच्या टेबलांवर जेवणाऱ्या दोन अनोळखी माणसांसारखं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

परवा मुलाखत. सराव घेते असं बाईंनी सांगितलं होतं, पण त्यांना ताप आला, म्हणून ही मला म्हणाली, "तू बस समोर. प्रश्न माझ्याकडे लिहिलेले आहेत, तुझे घालू नकोस."

आईला आतल्या खोलीत बसवलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबलाच्या पलीकडे बसलो. हिने बाहेर जाऊन दारावर टकटक केलं.

"आत येऊ का, सर?"

"या. बसा."

साडी नीट करून बसली. मी पहिले काही प्रश्न वाचले. गोदामात काय करता, माल परत का येतो, तो कमी कसा होईल. झकास उत्तरं दिली. मला त्यांतलं अर्धं ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं संध्याकाळी मी "कसा गेला दिवस?" विचारत होतो आणि ही "बरा" म्हणत होती.

"नोकरी आहे, घर आहे," मी वाचलं. "मग आत्ता शिक्षण कशासाठी?"

तिने तयार केलेलं उत्तर दिलं. मोठमोठे शब्द होते. मी म्हणालो, "हे पाठ केलेलं वाटतं. खरं सांगा."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सर, माझ्याकडे जे खोकं येतं त्यात काय असणार, हे मला उघडायच्या आधी माहीत असतं. घरी जाते, तिथेही तसंच. काय विचारलं जाणार, काय उत्तर मिळणार, सगळं आधीच येतं. परीक्षेत पहिल्यांदा असा प्रश्न समोर आला की जो काढणारा माणूस मला ठाऊक नव्हता. मला फार बरं वाटलं. जिथे उत्तर आधी येत नाही अशा ठिकाणी मला काही दिवस राहायचंय."

मी कागदावर 'चांगलं, जरा लांबलं' असं लिहिलं. वर सांगितलंही, "घरचा उल्लेख टाळा. मुलाखत घेणाऱ्यांना त्यात रस नसतो."

"बरं, सर."

पुढचा प्रश्न तिनेच लिहिलेला होता. बायकांना हा विचारतातच म्हणे. "दोन वर्षं बाहेर राहावं लागेल. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

"सासूबाई म्हणतात जा, पण गोळ्यांचा कागद भिंतीवर लावून जा."

"आणि मिस्टर?"

"त्यांचं काही म्हणणं नाही."

"असं कसं?"

"खरंच नाही, सर. मी विचारलं होतं. त्यांनी दोन्ही बाजू लिहून दिल्या. मग पेपर काढून दिले, मग घड्याळ लावलं. खूप केलं त्यांनी. पण जा किंवा नको, यातलं काही म्हणाले नाहीत. मी वाट बघितली."

यावर शेरा लिहायचा होता. पेन उघडं होतं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, चेहऱ्यावर रागही नव्हता. परक्या माणसाला घरचा पत्ता सांगावा इतक्या सरळपणे ती सांगत होती, आणि मी पेन बंद केलं.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," मी म्हणालो.

तिने मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून वाटतं. त्या सोमवारी बोललो नाही ते दमलो होतो म्हणून नाही. सांगितलं असतं तर तू राहिली असतीस. मला तेच हवं होतं, म्हणून तोंड उघडेना. तू दोन वर्षं नसशील तर या घरात मी काय करू, मला कळत नाही. भीती वाटते मला. आणि तरी तू जावंस. मुलाखतीत पडलीस तर पुढच्या वर्षी परत बस, पण जा. दोन्ही खरंय. यात निम्मं-निम्मं काही नाही."

आतल्या खोलीत आईची खुर्ची वाजायची थांबली होती.

मला वाटलं ही चिडेल, नाहीतर रडेल. पुढे काय करेल याचा मला अंदाज येईना, आणि तिलाही माझा आलेला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"हे मला येत नव्हतं," ती म्हणाली.

मग खुर्ची उचलून टेबलाच्या माझ्या बाजूला आणली, शेजारी बसली आणि मला एकेक प्रश्न विचारायला लागली.